देवाचे दमलेले पाय

खरं सांगू का, इस्त्रीवालीच्या नवऱ्याबद्दल आम्ही सगळ्याजणींनी भलतंच मनात आणलं होतं. आता आठवलं की हसू येतं. ती पुढच्या खोलीत इस्त्री फिरवता फिरवता मागच्या दाराकडे तोंड करून ओरडायची, "आजही तिकडेच मुक्काम वाटतं! जेवायला तरी येणार, की त्याच्यासाठी तेही सोडलंय?" मधला तो 'त्याच्यासाठी' आम्हाला नीट ऐकू यायचा नाही, आणि ऐकायची गरजही वाटायची नाही. सगळ्या गल्लीनं ठरवून टाकलं, बाईला सवत आली.

आणि सवत निघाली कोण? येशू ख्रिस्त! तोही लाकडाचा, अर्धामुर्धा कोरलेला.

नवरा मूर्तिकार. चर्चच्या फादरांनी त्याला काम दिलं होतं: वाटचालीनं थकून विहिरीच्या काठावर टेकलेला, पाण्याला आलेल्या बाईकडे प्यायला मागणारा येशू. आजवर यानं येशू घडवला तो क्रुसावरचा, नाहीतर हात पसरून उभा असलेला. थकलेला कधीच नाही. ते याच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलंच.

"अगं, विचार कर," तो म्हणायचा. "देव आहे तो, आणि पाय दुखतात त्याचे! तहान लागते. होडीत डोळा लागतो. मित्र गेला तर रडतो. आपल्यासारखाच अगदी!"

"माझेही दुखतात," ती कॉलरवर इस्त्री रेटत म्हणाली.

"हो ना? तेच तर म्हणतोय मी!" आणि स्वारी मागच्या खोलीत गडप.

चेहरा झाला, हात झाले, पाय काही जमेनात. मग यानं पोस्टमनला गाठलं. रोज येताजाता त्याला आत बसवायचं, बूट काढायला लावायचे, पायाखाली उशी द्यायची. उशी तरी कुठली, तर हिच्या डोक्याखालची! दाराआडून हिला सगळं ऐकू यायचं.

"इथं दुखतं का हो? आणि टाचेत? दिवसभर उभं राहायचं म्हणजे हालच."

दिवसभर उभं राहायचं म्हणजे हालच! हे वाक्य बाईच्या असं जिव्हारी लागलं की हातातली इस्त्री थांबली ती थांबलीच. वकिलाच्या पांढऱ्या शर्टाला पाठीवर तांबूस डाग पडला. तो डाग तिनं मनातल्या मनात येशूच्या नावावर टाकला.

दुसऱ्या दिवशी नवरा बाजारात गेलेला पाहून ती मागच्या खोलीत शिरली. एवढं काय आहे या मेल्यात, म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. देव आहे शेवटी. पण खोट काढायचीच होती, म्हणून कंबरेवर हात ठेवून नखशिखांत न्याहाळलं. चेहऱ्यापाशी जरा अडली. "काही नाही गं, ठीक आहे मी," असं म्हणणाऱ्या माणसाचे डोळे होते ते. मत्सर करायलाही थोडं जड गेलं. मग नजर खाली पायांवर गेली आणि तिला हायसं वाटलं.

"काय बघतेस?" नवरा दारात उभा.

"तुमचा देव दमलेला नाही. फोटो काढायला बसलाय."

"पोस्टमनचे पाय बघून कोरलेत ते!"

"पोस्टमन परक्या घरात बसतो. पाहुण्यासारखे पाय जुळवून. दमलेलं माणूस असं बसतं होय?"

आणि रागाच्या भरात ती धपकन ओंडक्यावर बसली. एका पायानं दुसऱ्या पायातली चप्पल ढकलली. तो पाय कडेवर कलला, तळवा जमिनीला लागू न देता. मुद्दाम काही केलं नाही हो. रोज तशीच बसायची ती.

नवरा पुढे आला. मग खाली बसून त्यानं तिची टाच ओंजळीत घेतली. भेगा, सूज, पोटरीवरच्या निळ्या शिरा.

"हे कधीपासून?"

"तुमच्या पोस्टमनच्या आधीपासून." आवाज जरा फुटलाच तिचा. तो लपवायला म्हणाली, "हात पुसा आधी. भुसा लागतोय."

त्यानं हात सदऱ्याला पुसले. मग त्याचा हात पटाशीकडे गेला.

"झालं! चालले परत त्याच्याकडे!"

"उठू नकोस. तश्शीच बस. माझी आई ना ती!"

पुढचे कितीतरी दिवस इस्त्रीची गिऱ्हाइकं तिष्ठत राहिली आणि बाई मागच्या खोलीत ऐटीत पाय कलवून बसली. येशूला दमणूक मिळाली ती अशी. पण तिचं समाधान काही झालं नाही. "पाय माझे, आणि नमस्कार त्याला," म्हणून कुरकुर चालूच.

मूर्ती चर्चमध्ये पोचवून दोघं घरी आली त्या संध्याकाळी नवरा खुर्चीत कोसळला. "चहा टाक ना गं. फार दमलोय."

"मीही दमलेय."

"अगं, तो दमला तेव्हा त्यानंसुद्धा बाईकडेच मागितलं! शास्त्रातच आहे."

"त्याच्याजवळ पोहरा नव्हता. विहीर खोल होती, आणि गाव परकं. तुमच्याजवळ किटली आहे, नळ आहे, घरही तुमचंच आहे."

नवरा उठला आणि स्वयंपाकघरात गेला. आतून भांड्यांची आदळआपट ऐकू आली.

"साखर कुठं ठेवलीयस?"

"हे त्यानं विचारलं नव्हतं," बाई म्हणाली.