पहाडीवरचा लाल ठिपका

बायनाबाईनं पहाडी विकली, असं आमच्या कोसमटोल्यात दोन महिने चाललं होतं. पोचू किराणावाला तर समोर उभा असल्यासारखा सांगायचा, "मोबाईल घेऊन वरते चढली, चारीकडे फिरवला, अन् अंगठा दाबला. झाली पहाडी कंपनीची!" कारण सरकारी नकाशात आमच्या पहाडीवर लाल ठिपका उमटला होता आणि त्यावर बोट ठेवलं की 'युरेनियम' दिसायचं.

बायनाबाईनं काही विकलं नव्हतं. ती गावची जलसुरक्षक. बोरिंगच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या, तपासणीला पाठवायच्या, आणि कोणती बाटली कुठली ते मोबाईलच्या नकाशात नोंदवायचं, हे तिचं काम. वय पंचावन्न, शिक्षण सातवी, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. बाटलीवर आकडा लिहिताना ती तो मोठ्यानं म्हणते आणि मग बाटलीलाच विचारते, "बराबर हाये ना व?" मी शाळेत हा आवाज काढला की मास्तरसुद्धा हसतात.

आमच्या गावच्या तिन्ही टोल्यांत, म्हणजे वस्त्यांत, नेटवर्क नाही. ते मिळतं पहाडीवर, येनाच्या झाडाखाली. फोन लावायचा असो की बारावीचा निकाल बघायचा, सगळे तिथंच चढतात. बायनाबाईही चढली. अकरा बोरिंगच्या अकरा बाटल्या भरून झाल्यावर येनाखाली बसली, एकेक आकडा टाकला, आणि दर वेळी 'जागा नोंदवा' दाबलं. बोरिंग खाली राहिली हे मोबाईलला काय माहीत? त्यानं अकराही बोरिंग येनाखाली नेऊन ठेवल्या. तपासणीचे निकाल आले तेव्हा दहा ठिपके हिरवे झाले, एक लाल, सगळे एकावर एक. त्या जागी घरच नाही म्हणून वर्षभर कोणी विचारायला आलं नाही.

यंदा मार्चमध्ये चंद्रपूरहून ज्योत्स्ना मॅडम आल्या. नकाशातल्या लाल जागा प्रत्यक्ष पाहणं त्यांचं काम. घामाघूम होऊन वर पोचल्या, मी आणि बायनाबाई सोबत.

"इथली बोरिंग कुठे आहे?"

"इथी कुठची बोरिंग, मॅडम? इथी तं फक्त रेंज..." बायनाबाई बोलता बोलता थांबली. पिशवीतून वही काढली. लाल ठिपक्यावरचा बाटलीचा आकडा सात. सात म्हणजे आमच्याच टोल्यातली, विहाराजवळची बोरिंग. मे महिन्यातही न आटणारी. बायनाबाईची नात रिना तिथलंच पाणी प्यायची, मीही.

मॅडमनी सांगितलं, हे युरेनियम खडकातून पाण्यात उतरतं. रंग नाही, वास नाही, उकळून जात नाही. वर्षानुवर्षं प्यालं तर किडनीला त्रास. ठिपका हलवायचा तर ज्यानं नोंदवला त्यानंच, चूक ग्रामसभेत वाचून दाखवून.

संध्याकाळी सरपंच हरिदासभाऊ तिच्या अंगणात आले. त्यांचं प्रत्येक बोलणं 'तसं नाई' पासून सुरू होतं, कोणी काही म्हटलं नसलं तरी.

"तसं नाई, बायनाबाई. पहाडीवर कोन पाणी पेते? राहू दे लाल तिथीच. बोरिंग बिघडली म्हणून सांगू."

"बिघडली म्हटलं तं मिस्त्री येते भाऊ, अन् दोन दिसांत चालू करून देते."

"तुमचं काम जाईन. वर्षभर खराब पाणी पाजलं म्हणतीन लोक."

"पाजलंच ना, भाऊ."

पुढचे चार दिवस कुडाच्या भिंतीपलीकडून मला तिची तयारी ऐकू यायची. "मीनं बाटली भरली... मीनं पहाडीवर..." रोज त्याच ठिकाणी आवाज बसायचा. तिचा आवाज माझ्याइतका कोणाला माहीत असणार? सभेच्या सकाळी मी म्हटलंच, "बाई, तुमच्यानं नाई होत. लावा पैज. तुमी बोलल्या तं पाऊस येऊन विहीर भरेपर्यंत पलीकडच्या चैतूच्या टोल्यातून तुमचं पाणी मी आणीन."

"लावली," ती म्हणाली. हसली नाही.

सभेत ती उभी राहिली. वही उघडली, पण त्यात बघितलं नाही.

"बाटली सात. विहाराजवळची बोरिंग. मीनं नोंद पहाडीवर बसून केली. चूक माझी हाये. वर्षभर तुमी पेल्या, माझी रिना पेली. आजपासून तिथलं पाणी कोनी पेऊ नका."

मग शेजारची मीराबाई म्हणाली, "माह्या घरी येऊन तूच म्हणत होती, बेस पाणी हाये म्हणून."

"हो व. मीच म्हणत होती."

बायनाबाई सभेतून थेट बोरिंगपाशी गेली, मॅडमनी शिकवल्याप्रमाणे तिथं उभी राहून जागा मोबाईलमध्ये जपून ठेवली, मग एकटीच पहाडी चढली आणि पाठवली. लाल ठिपका खाली उतरून आमच्या टोल्यात आला.

पैज मी हरले. चैतूच्या टोल्यातली बोरिंग इथून सव्वा किलोमीटर. रोज सकाळी बायनाबाईचे दोन गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, मी आणते. ती माझ्यापुढे चालत असते. तिच्या डोक्यावर मीराबाईचा गुंड असतो. मीराबाई दार उघडते, पाणी ओतून घेते, आणि उंबऱ्यातूनच रिकामा गुंड तिच्या हातात देते. पावसाला अजून दोन महिने आहेत.