सौंसरहून जपान

सौंसरच्या बसस्टँडसमोर त्याचं परदेशी सहलींच्या बुकिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की चष्मा कपाळावर सरकवून तो आधी विचारतो, "तुमच्या गल्लीतून कोण कुठं जाऊन आलं?" उत्तर दुबई असलं, तर तो दुबईचंच पत्रक पुढे करतो. बहुतेकांना तेच हवं असतं.

मी जपान म्हटलं तेव्हा त्यानं पेन खाली ठेवलं. "जपान कशाले, मॅडम? सौंसरचं कोणीच गेलं नाही तिथं. वापस आल्यावर बोलान कोणासंग?"

मला रागच आला. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला हा असं विचारतो! मी हट्टानं गेलेच.

परत आल्यावर शेजारणींनी माझे फोटो भराभर सरकवले आणि गप्पा पुन्हा दुबईच्या मॉलवर गेल्या. चौथ्या दिवशी भर दुपारी दुकान बंद करून तो संत्री घेऊन दारात उभा राहिला. "सांगा आता, पहिल्यापासून."

दोन तास त्यानं ऐकलं. एकदाही घड्याळ पाहिलं नाही. उठताना म्हणाला, "आता दुसऱ्याले जपानले पाठवता येते, मॅडम. वापस आल्यावर बोलाले तुम्ही आहा ना."