अर्गिरीसमामाचे फुगलेले गाल

अर्गिरीस ग्रीसमधल्या खिओस बेटावर मस्तिकाच्या झाडांचा डिंक काढायचा. तोच डिंक जन्मभर चघळत, "याने पोट लोखंडाचं होतं," असं गावाला ऐकवायचा. म्हणून पोटाची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला तो शहरात निघाला, तेव्हा गाव पोट धरधरून हसलं.

नळी घशाखाली उतरताना त्याला उमाशांवर उमासे आले. पोट ठणठणीत निघालं, पण संध्याकाळी तो बसमधून उतरला तो दोन्ही गाल टम्म फुगवून.

"गालगुंड!" भाची देस्पिना दारातच ओरडली. "मामा, तिथंच थांब! बाळाजवळ यायचं नाही."

रविवारी तिच्या बाळाचा बाप्तिस्मा होता आणि धर्मपिता होता अर्गिरीस. स्वतःचं मूलबाळ नसलेला हा माणूस बाळ जन्मल्यापासून त्या दिवसाकडे डोळे लावून बसला होता.

"अगं, सकाळी चांगला होतो की मी!"

"रविवारी दिराला उभं करते. रागावू नकोस."

राग कुठला, त्याला रडूच आलं. अंगणातूनच त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला, देस्पिनालाही ऐकू जाईल असा.

"गालगुंड नाही हो," बाई म्हणाल्या. "उमाशांच्या जोराने कधीतरी लाळेच्या ग्रंथी सुजतात. फार क्वचित. दुसऱ्याला लागत नाही, आपोआप उतरतं. भरपूर पाणी प्या आणि चघळायला काहीतरी शोधा."

"शोधू?" खिशातला डिंक काढत अर्गिरीस म्हणाला. "बाई, बोलताय कुणाशी!"

देस्पिनाला हसू आलं, पण दार काही उघडलं नाही. "आधी उतरू दे."

शनिवारभर जबडा दुखेस्तोवर तो चघळत राहिला. रविवारी उजवा गाल जागेवर आला, डावा अजून लिंबाएवढा. बिचारा चर्चच्या बाहेरच घुटमळत राहिला. शेवटी देस्पिना आली आणि कणीक चाचपावी तसा तिने गाल दाबून पाहिला.

"चल आत. दीर थुंकायला लाजतोय."

आमच्याकडे धर्मपित्याने पश्चिमेला तोंड करून सैतानावर थुंकायचं असतं. बाकीचे नुसतं तोंडाने फू-फू करतात. अर्गिरीसच्या गालात लाळेचा दोन दिवसांचा साठा होता. सैतानाचं काय झालं कोण जाणे, पाद्रीबाबांचा बूट मात्र भिजला.

मग बाळ त्याच्या हातात आलं. त्याने ओठ घट्ट मिटले आणि मान वळवली. आपला श्वाससुद्धा पोराला लागायला नको. इतक्यात साऱ्या बायका "काय गोजिरं, काय गोजिरं" करत जमल्या, आणि बाळाला दृष्ट लागेल या भीतीने देस्पिनाचा जीव खालीवर झाला.

"मामा, बघतोस काय नुसता? थुंक की तीनदा माझ्या लेकरावर!"