दुसऱ्या बाळंतपणाचं इंग्रजी

मी चौथी पास. पुढे शाळेत घातलं नाही, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कोणी नव्हतं. लग्न होऊन कसबा पेठेत आले. नवरा लवकर गेला. साड्यांना फॉल लावून, पिको करून मुलाला इंजिनिअर केलं. हे ऐकून लोक कौतुकाने बघतात. कौतुकासारखं त्यात काही नाही. मशीन होतं आणि साड्या येत होत्या.

दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, अशी त्या वेळी हवा होती. तसं होऊ नये म्हणून कंपनीने मुलाला अमेरिकेला पाठवलं. कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत. मुलगा मात्र तिकडेच राहिला. मध्ये तीन आठवडे येऊन लग्न करून गेला.

आमच्यात मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी करतात. पहिल्या वेळी सुनेची आई, म्हणजे धायरीच्या विहीणबाई, सहा महिने अमेरिकेत राहून आल्या. सून इकडे येऊ शकत नव्हती म्हणून माहेर तिकडे गेलं. रीतीला धरूनच झालं, मी काही बोलले नाही. दुसऱ्या खेपेला सुनेला तिसरा महिना लागल्याचं कळलं तेव्हा मी मुलाला फोनवर म्हटलं, "आता पाळी माझी. कधी येऊ?"

तो मग म्हणाला, "ये की. पण व्हिसाची मुलाखत असते आई. साहेब इंग्रजीत विचारतो. एक क्रियापद चुकलं तरी पासपोर्ट परत हातात देतो."

"मग शिकते."

"शिक," तो म्हणाला आणि हसला. ते हसणं मला तेव्हा प्रेमाचं वाटलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास होता. तेव्हा असे क्लास पुण्यात जागोजागी निघाले होते. विदर्भातून आलेली मुलंमुली कॉल सेंटरच्या नोकरीसाठी येत, अत्तराच्या दुकानातले एक चाचा परदेशी गिऱ्हाइकांसाठी येत. शिकवणारी मुलगी, आमच्या बाई, वाघोलीहून रोज दोन बस बदलून यायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "आजी, तुम्हाला कशासाठी शिकायचंय?"

"बाळंतपणासाठी," मी म्हटलं. वर्ग हसला. मीही हसले असते, पण मला त्यात विनोद दिसला नाही.

तिची पद्धत एकच. रोज एकेकाने उभं राहायचं आणि काल काय केलं, आज काय करतोय, उद्या काय करणार ते सांगायचं. नावं, वस्तू मला पटकन आल्या. क्रियापदांनी छळलं. आपल्याकडे काल गेले, आज जाते, उद्या जाईन. शब्द एकच, शेपूट बदलतं. इंग्रजीत गो बोलावं तर कालच्या दिवसाला तो वेंट होतो. दोघांचा एकमेकांशी संबंध काय, असं मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "आजी, पाठ करा." मी पाठ केलं. मशीनवर बसून पाय हलवत म्हणायचे, गो वेंट गॉन, ईट एट ईटन, सो सोड सोन. ही तीन रूपं मी देवनागरीत कागदावर लिहून मशीनसमोरच्या भिंतीला चिकटवली होती. फॉल न्यायला आलेल्या शेजारणीने ती वाचली आणि म्हणाली, "काय हो, आता फॉलसुद्धा इंग्रजीत लावणार का?"

"फॉल इंग्रजीच आहे," मी म्हटलं. "तुम्ही इतकी वर्षं मराठी समजून नेताय."

वर्गातून निघताना मी "आय कम" म्हणायचे. बाई म्हणाल्या, जाताना गो म्हणायचं. दारातून बाहेर पडताना जाते म्हणायला माझी जीभ रेटेना. घरातून फक्त मेलेलं माणूस जातं, बाकीचे येतो म्हणून निघतात. शेवटी चाचा म्हणाले, "बाय म्हणा आजी. त्यात येणं नाही, जाणं नाही." तेव्हापासून मी बाय म्हणायला लागले.

रविवारी सकाळी मुलाचा फोन यायचा. तो परीक्षा घ्यायचा.

"काल काय केलंस, इंग्रजीत सांग."

"यस्टर्डे आय गो मंडई."

"वेंट, आई."

"आय वेंट मंडई. आय बॉट मेथी."

"मंडईच्या आधी 'टू' हवं. तू असं बोललीस तर साहेब हसेल. अजून महिनाभर कर, मग तारीख घेऊ."

पुढच्या महिन्यातही तो हेच म्हणाला, आणि त्याच्या पुढच्याही. चुका कमी होत गेल्या तसा तो बारीकसारीक चुका शोधायला लागला. सुनेला आठवा महिना लागला. बाई मला म्हणाल्या, "आजी, कॉल सेंटरच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलांपेक्षा तुमची क्रियापदं बरी आहेत. मुलाला तारीख घ्यायला सांगा." मी सांगितलं. तो म्हणाला, "बघतो."

मी वाट बघत बसणाऱ्यातली नाही. विहीणबाई मुलाखत देऊन आलेल्या, त्यांना नेमके प्रश्न विचारून घ्यावेत म्हणून एका दुपारी बसने धायरीला गेले. वाटेत मनात उत्तरं म्हणत होते. माय सन वर्क्स इन अमेरिका. आय विल स्टे सिक्स मंथ्स. आय विल कम बॅक.

दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत मोठी बॅग पसरलेली. वजनाचा काटा, डिंकाच्या लाडवांचे डबे, बाळंतशेपा, ओवा, सुंठ. विहीणबाई खाली बसून डब्यांना चिकटपट्टी लावत होत्या. मला बघून त्या गडबडीने उठल्या.

"अगंबाई, विहीणबाई, या ना. काही द्यायचंय का नेण्यासाठी?"

"कुठे नेण्यासाठी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं. "म्हणजे तुम्हाला... मी येत्या बुधवारी निघतेय. तिकीट महिन्यापूर्वीच आलं."

मी खुर्चीवर बसले. त्यांनी पाणी आणलं. मी ते प्याले नाही. विचारलं, "मुलाखतीत काय विचारतात?"

"आता नाही हो झाली मुलाखत. व्हिसा दहा वर्षांचा आहे. पहिल्या वेळी दोन प्रश्न विचारले. कोणाकडे जाताय, परत कधी येणार. मराठीतच विचारले."

"मराठीत?"

"हो. कोणत्या भाषेत मुलाखत द्यायची ते अर्जात लिहायचं असतं. मराठी बोलणारी एक मुलगी असते तिथे खिडकीशी. मला कुठलं इंग्रजी येतंय." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तुम्हीच नको म्हणालात ना? गुडघे दुखतात, विमान झेपणार नाही, असं जावई म्हणाले."

गुडघे त्यांचेच दुखत होते, ते दिसत होतं. माझे धड होते. मी उठले. त्या बिचाऱ्या दारापर्यंत आल्या, काही नेऊ का म्हणून पुन्हा विचारलं. मी नऊवारीच्या मऊ सुताची बारा दुपटी शिवून ठेवली होती. "काही नाही," म्हटलं आणि निघाले.

रविवारी फोन आला. "हं, काल काय केलंस?" त्याने विचारलं.

"धायरीला गेले होते," मी मराठीत म्हटलं.

तो मग सगळं एकदम बोलला. तिला तिची आईच हवी होती. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. वाटलं होतं दोन महिन्यांत तू कंटाळशील, चौथी शिकलेल्या माणसाला या वयात इंग्रजी कसं जमणार, आपोआप सुटेल विषय.

"जमलं," मी म्हटलं.

"हो. ते मला वाटलं नव्हतं."

आईच हवी, असं सुनेने मला स्वतः सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. बाळंतिणीला कोण हवं हे बाळंतिणीने ठरवावं. मी दुपटी देऊन मोकळी झाले असते. पण माझ्या पोटच्या मुलाने माझ्या अडाणीपणावर भरवसा ठेवला होता, आणि दर रविवारी तो अडाणीपणा टिकून आहे ना हे तपासत होता. मी चुकले की तो खूश होत होता. हे मला त्या दिवशी कळलं आणि मग मागचे सगळे रविवार तसेच दिसायला लागले.

"हे मराठीत सांगता आलं असतं," म्हटलं आणि फोन ठेवला.

क्लास सोडला नाही. बाईंनी कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दुपटी वर्गातल्या अमरावतीच्या एका मुलीच्या बहिणीला बाळ झालं, तिला दिली.

दीड महिन्याने एका सकाळी फोन वाजला. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, नाक अगदी तुझ्यासारखं आहे, असं मुलगा सांगत होता. मी ऐकत होते आणि त्यातलं खरं किती, हे मला ठरवता येत नव्हतं. सुखरूप म्हणतो, म्हणजे नक्की काय झालंय? माझ्या मनात असा प्रश्न त्याच्याबद्दल त्याआधी कधी आला नव्हता.

"विहीणबाईंना दे फोन," मी म्हटलं. "त्यांच्याकडून ऐकते."