हात नसलेली बाई

आज सकाळी साहेबांना ऊन लागावं म्हणून खिडकीशी बसवलं. जन्मभर परदेशात राजदूत होते, तिथल्या जुन्या मूर्ती जमवायचे. आता उजवं अंग लुळं पडलंय. डाव्या हाताने ते शेजारच्या ग्रीक संगमरवरी बाईच्या तुटक्या खांद्यावरची धूळ पुसत होते.

ती घरात आली तेव्हाच मी बजावलं होतं, "साहेब, भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत. पाण्यात सोडतात."

"अरे सखाराम, हिला समुद्रातूनच तर वर काढलीय!" ते हसले होते.

मी तिला अजून हात जोडत नाही. जोडणारही नाही. पण हात गेले तरी मान ताठ आहे तिची, हे मानावं लागतं.

तेवढ्यात साहेबांचा मुलगा दारातून हळूच म्हणाला, "काका, बाबांना आता वृद्धाश्रमात ठेवू या."

मी म्हटलं, "या घरात भंगलेलं पाण्यात सोडत नाहीत."