माहूरचा तांबूल आणि न दाबलेलं बटण

देव-देवस्कीविरुद्ध मी स्वतः पत्रकं वाटलेली आहेत. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो, पण लपवणं त्याहून वाईट. उदगीरचे आमचे फौजीकाका लातूरच्या भूकंपात आपल्या तुकडीसोबत ढिगारे उपसायला आले होते. तेव्हापासून ते स्लॅबखाली बसत नाहीत. निवृत्त होऊन घरी आले, तरी जेवण अंगणात आणि झोप पत्र्याच्या शेडात. पोरगी शीतल क्लाससाठी लातूरला राहते, पण तिच्या खोलीत त्यांनी कधी पाय ठेवला नाही. सत्कार करणाऱ्यांनी शाली दिल्या. या माणसाला काय होतंय, हे एकानंही विचारलं नाही. माझा संताप त्याचाच होता.

म्हणून आम्ही काही कार्यकर्ते माजी सैनिकांच्या घरच्यांसोबत फिल्म करत होतो. नियम एकच, कॅमेरा घरच्यांच्या हातात आणि ठरवायचंही त्यांनीच. तरी मी काकांना बोलायला वाक्यं लिहून दिली. ती वाचून ते म्हणाले, "हे पत्रक हाय. तूच वाच." महिने गेले, काका बोलले नाहीत. मी आशा सोडली. तेव्हा काकूंनी ठरवलं, शूटिंग माहूरला, रेणुकेच्या गडावर करायचं. मी चिडले, पण नियम माझाच होता.

गडावर काकांनी देवळाच्या छताखाली न जाता रेणुकेला बाहेरूनच हात जोडले. तिथं तांबूल कुटणारी एक म्हातारी बसली होती. खलबत्त्याची ठकठक ऐकून काका थिजले. तिला त्याचं काय ठाऊक? म्हणाली, "भाऊ, हात भरून आला बघा. देवीचा विडा हाय, जरा कुटून द्या." काका खाली बसले, आणि कुटता कुटता बोलू लागले. "ढिगाऱ्याखालून कुणीतरी असंच ठोकत होतं. आम्ही हातांनी माती ओढली. पोचायच्या आधी आवाज थांबला."

कॅमेरा धरलेल्या काकू रडत होत्या. "एवढं व्हतं तर मला सांगायचं न्हाई का?"

"तुझी झोप गेली असती."

"ती कुठं ऱ्हायलीय? तुम्ही भाईर अन् मी आत."

आमच्यासोबत आलेल्या शीतलनं कॅमेऱ्यात डोकावलं. "आई, तू बटण दाबलंच न्हाईस."

मी कपाळाला हात लावला. काका मात्र खळखळून हसले. "फौजेत असतीस तर शिक्षाच झाली असती तुला."

"गप कुटा, अन् पुन्यांदा सांगा," काकू डोळे पुसत म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा सांगितलं. या वेळी पोरीकडे बघत, मधेच विडा चाखत.

पुढच्या आठवड्यात लातूरला शीतलच्या खोलीत ते मांडी घालून जेवायला बसले. सारखे वर बघत होते.

"बाबा, पंखा हाय तो."

"दिसायलाय मला. धूळ लई साचलीय त्याच्यावर," म्हणाले आणि आणखी एक भाकरी मागितली.

म्हातारीला देवीनं धाडलं का, यावर मी वाद घालणार नाही. आपण राबावं आणि मग हात सैल सोडावा, एवढं मला कळलं. काकांचं ते पहिलं बोलणं कुठल्याच कॅसेटवर नाही. ते काकूंसाठी होतं आणि काकूंपर्यंत पोचलं. माय रेणुके, तुझे उपकार.