ब्रिस्टलमध्ये सोलच्या घरी

पॅडिंग्टनहून ब्रिस्टलची गाडी वेळेवर सुटली. लंडनमध्ये हॅरोला दिरांकडे मुक्काम होता. जाऊबाईंनी बांधून दिलेली थालीपिठं, छत्री, चार्जर आणि परतीचं तिकीट असं सगळं मी एकाच पिशवीत बसवलं होतं.

ब्रिस्टलला माझी भाची ऋचा एका आर्ट गॅलरीत तात्पुरत्या नोकरीवर होती. कोरियन कलाकारांचं प्रदर्शन सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. ते नीट पार पडलं तर नोकरी कायम आणि व्हिसाही; नाहीतर पुण्याला परत. कशालाही हात लावू नकोस, असं तिने फोनवर बजावलं होतं. मी सोसायटीची सेक्रेटरी, मला नियम शिकवू नकोस, असं मीही सुनावलं होतं.

ऋचा स्टेशनवर घ्यायला आली होती; तिथून आम्ही बंदराच्या कडेने चालत निघालो. टेकडीवर रंगीत घरांची ओळ, खाली बोटी, आणि वारा असा की छत्री उघडण्यात अर्थ नव्हता. गॅलरी एका जुन्या गोदामात होती.

आत मांडलेल्या वस्तू पाहून मी बुचकळ्यात पडले. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, दोरखंड, प्लास्टिकचे तुकडे. ऋचाने समजावलं की हे कलाकार तरुण असताना सोल शहर भराभर वाढत होतं. गल्ल्या पाडून टॉवर उभे राहत होते, नदीकाठची वाळू बांधकामाला जात होती. चौकटीतल्या चित्रात हे मावेना. मग त्यांनी पाडकामातलंच सामान उचललं, नदीकाठी खड्डे खणले, संध्याकाळपर्यंत नाहीशा होतील अशा कलाकृती केल्या.

तेवढ्यात तिला कुणीतरी बोलावलं आणि मी एकटीच पुढच्या दालनात गेले. चारी बाजूंना छतापर्यंत करडे सिमेंटचे खांब, आणि मधोमध एका घराची फक्त जमीन: ओंडोल (खालून ऊब दिलेली, तेल लावलेल्या कागदाची जमीन). कडेला लाकडी उंबरठा, त्याच्या अलीकडे पांढरी रेषा. रेषा मला दिसली होती. चपला कुठे काढायच्या त्याची ती खूण, असं मी समजले. बूट रेषेला लावून नीट ठेवले आणि आत गेले.

तिसऱ्या पावलाला कागद चरकन फाटला.

"मावशी, बाहेर ये. प्लीज. आत्ताच्या आत्ता." दारात ऋचा उभी होती, पांढरीफटक. तिच्यामागे तिची मॅनेजर, आणि त्यांच्यामागे सत्तरीपुढच्या एक ठेंगण्या बाई. ती कलाकृती त्यांचीच, हे मला ऋचाच्या चेहऱ्यावरून कळलं. मॅनेजर अगदी हळू आवाजात ऋचाला विचारत होती की पाहुण्यांना एकटं कुणी सोडलं. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

यूनबाईंनी, म्हणजे त्या कलाकार बाईंनी, माझ्या बुटांकडे पाहिलं. मग स्वतःचे काढून शेजारी ठेवले आणि आत आल्या. इंग्रजीतच म्हणाल्या, "बसा ना. प्रदर्शन सुरू झाल्यापासून सगळे रेषेबाहेरून बघून जातात. घरी आलेल्या पहिल्या तुम्हीच."

मग त्यांनी मॅनेजरला सांगितलं की या मुलीला काही बोलू नका. हा त्यांच्या सोलमधल्या घरातलाच कागद; तो कितीदा फाटला आणि आईने कितीदा सांधला होता. गल्ली पाडायला माणसं आली तेव्हा वडिलांनी गुंडाळून उचलला. यूनबाईंनी तांदळाच्या पिठाची खळ मागवली. खळ लावणं मला येतं. आम्ही दोघींनी गुडघ्यांवर बसून ठिगळ लावलं. तिथे आधीची ठिगळंही होती, एकही लपवलेलं नव्हतं.

नंतर गॅलरीच्या कँटीनमध्ये मी थालीपिठं काढली. त्यांनी किंबाप (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात) पुढे केला. ऋचा बराच वेळ काही खात नव्हती. शेवटी तिने एक थालीपीठ उचललं आणि म्हणाली, "मावशी, तू ना, नियमांची सेक्रेटरी." यूनबाईंना भाषांतर करून सांगितल्यावर त्या डोळे पुसेपर्यंत हसल्या.

मी पुण्याला परतले आणि आठवड्याभरात ऋचाचा फोन आला. नोकरी पक्की झाली. यूनबाईंनी जाताना त्या दालनाची जबाबदारी तिच्याकडेच द्यायला सांगितली होती. आता लोक बूट काढून दोघे-दोघे आत बसतात.

आमची सोसायटीही दोन बंगले पाडून उभी राहिली आहे, आणि वर्गणी थकवणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवते. म्हणून ती दुपार पुन्हापुन्हा मनात येते. ज्या बाईंना स्वतःच्या घरातून उठवलं गेलं, त्यांनी मला बसा म्हटलं.